मद्य, मार्ग आणि मोजमाप

कायद्याच्या पुस्तकावरून राष्ट्राच्या शीलाची परीक्षा करावयाची झाली, तर मद्यप्राशन करून वाहन हाकण्याच्या बाबतीत आपल्या देशाची गणना अत्यंत कडव्या राष्ट्रांत करावी लागेल. इंग्लंडात आणि अमेरिकेच्या बहुतेक सर्व राज्यांत शंभर मिलिलिटर रक्तामागे ऐंशी मिलिग्रॅम मद्यार्क ही मर्यादा ओलांडल्याखेरीज केवळ मोजमापाच्या आधारे चालक दोषी ठरत नाही; आपल्या १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या १८५ व्या कलमाने हीच मर्यादा ३० मिलिग्रॅमवर आणून ठेवली आहे, आणि मूळ विधानाच्या मानाने तेही औदार्यच म्हटले पाहिजे, कारण संसदेने प्रथम संमत केलेल्या शब्दांप्रमाणे रक्तात मद्यार्काचा कितीही सूक्ष्म अंश आढळला तरी अपराध पुरा होत असे, आणि ती अव्यवहार्य शुचिता १९९४ च्या दुरुस्तीने सोडून द्यावी लागली. पुढे २०१९ साली दंडाची रक्कम दोन हजारांवरून दहा हजारांवर गेली, पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत आणि पुनरावृत्तीस दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद कायम राहिली, आणि हा अपराध जागच्या जागी पावती फाडून मिटविण्याची सोय नसल्याने प्रत्येक आरोपीस न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे राहणे भाग आहे. कागदावर याहून अधिक काय मागावे?

आणि तरीही २०२२ या एका वर्षात भारताच्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. यांतील किती मृत्यूंस मद्य कारण झाले, असे सरकारी अहवालास विचारले, तर तो शेकडा दोन-तीन एवढेच सांगतो आणि सत्तरीच्या आसपासचा वाटा अतिवेगाच्या खात्यावर मांडून मोकळा होतो. ज्या अमेरिकेत मोजदाद काटेकोर आहे तेथे रस्त्यावरील मृत्यूंपैकी सुमारे तीस टक्के मृत्यू मर्यादेबाहेर प्यालेल्या चालकांशी निगडित निघतात. तेव्हा दोहोंपैकी एक गोष्ट खरी असली पाहिजे: एक तर आपले चालक अमेरिकेतील चालकांच्या दसपट संयमी आहेत, किंवा आपण मोजीतच नाही. रात्री अकरानंतर कोणत्याही राज्यमार्गावरील परमिट रूमच्या आवारात उभ्या असलेल्या मोटारसायकलींची रांग ज्याने पाहिली आहे त्याला यांतील खरे कोणते हे सांगावयास नको. आणि बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने रुग्णालयांत आलेल्या जखमींच्या ज्या पाहण्या केल्या त्यांतही मद्याचा वाटा सरकारी आकड्याच्या कित्येक पट आढळला आहे.

हे मोजमाप नाहीसे कोठे होते, याचा शोध घ्यावयास फार दूर जावे लागत नाही. कोणत्याही पोलीस ठाण्यातील अपघाताची फिर्याद वाचावी. 'हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगात वाहन चालवून' ही शब्दावली त्या दस्तऐवजात इतकी ठरून गेली आहे की ती लिहिताना हवालदाराच्या लेखणीस विचाराचे साहाय्य लागत नाही, आणि तीच पुढे वार्षिक अहवालात जाऊन अतिवेगाचे सत्तर टक्के होते. चालक जागीच ठार झालेला असेल तर मृताच्या रक्ताची तपासणी करण्याचे प्रयोजन कोणास वाटत नाही, आणि जेथे व्हिसेरा राखून ठेवला जातो तेथेही न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अभिप्राय येईपर्यंत अहवालाचे वर्ष उलटून गेलेले असते. चालक पळून गेला असेल तर प्रश्नच मिटला. तो जखमी असेल तर डॉक्टरांस प्रथम त्याचा प्राण वाचवावयाचा असतो, जे योग्यच आहे, परंतु त्यानंतरही नमुना घेण्याची आठवण कोणी करून देत नाही. कारण मद्याचा उल्लेख कागदावर आला की विमा कंपनी हात आखडता घेणार हे कुटुंबास ठाऊक असते, आणि प्रकरणात आणखी एक गुंता वाढणार हे तपास अधिकाऱ्यास. अशा रीतीने ज्यांचे हितसंबंध एरवी परस्परविरुद्ध असतात ते सर्व पक्ष या एका बाबतीत मौनाच्या बाजूचे होतात, आणि राष्ट्राचे रस्ता-सुरक्षेचे धोरण या मौनाच्या पायावर रचले जाते.

ही केवळ दफ्तरी हयगय असती, तर एखाद्या परिपत्रकाने ती दूर झाली असती. तिचे मूळ अधिक खोल आहे, आणि ते मद्याविषयीच्या आपल्या नैतिक विचारात आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. महाराष्ट्रीय मनाने मद्यपानाचा जो विचार केला तो घराच्या चार भिंतींच्या आत केला. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' या नाटकाने या विचारास जे रूप दिले ते शंभर वर्षे टिकून आहे: प्याला घेणारा सुधाकर स्वतःचा नाश करतो, आणि त्या नाशाखाली सिंधू व तिचे मूल चिरडले जाते. व्यसन, पश्चात्ताप, पतिव्रतेचे अश्रू, संसाराची धूळधाण, हा या विचाराचा सगळा परिवार. त्यात रस्त्यावरून चाललेला, सुधाकराचे नावही न ऐकलेला, त्याच्याशी कसलाही ऋणानुबंध नसलेला मनुष्य कोठेच येत नाही, कारण गडकऱ्यांच्या काळी मद्यप्याच्या हाती फार तर काठी असे; शंभर अश्वशक्तीचे यंत्र नसे. मद्यप्याचा बळी परका असू शकतो, आणि मद्यपी हा व्यसनी तर नव्हेच, परंतु महिन्यातून एकदा मित्रांच्या आग्रहास मान देणारा, एरवी सज्जन व कुटुंबवत्सल गृहस्थ असू शकतो, ही कल्पना आमच्या नीतिविचारात अद्याप नीटशी रुजलेली नाही.

कायद्यानेही हीच वाट धरली. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाखाली या प्रांताने पिणाऱ्याचे रक्त तपासण्याची जी यंत्रणा उभी केली ती देशात अग्रेसर होती, रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क आढळला की ते औषधातून आले की अन्य कशातून हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर पडत असे, आणि वैद्यकीय तपासणीचे स्वतंत्र नियमही १९५९ साली करण्यात आले. म्हणजे सुई होती, बाटली होती, रासायनिक विश्लेषक होता; परंतु हा सारा सरंजाम मनुष्य प्याला की नाही एवढे शोधण्यासाठी मांडलेला होता, तो चाकामागे बसला होता की खाटेवर पडला होता याच्याशी त्यास कर्तव्य नव्हते. पुढे दारूबंदी सैल झाली, परवान्यांचा महापूर आला, पिणे हे लौकिकदृष्ट्या निर्दोष ठरले, आणि पिण्याच्या पापाबरोबर मोजमापाचा उत्साहही ओसरला. ज्या क्षणी तो पिण्यावरून काढून रस्त्याकडे वळवावयाचा, त्याच क्षणी आपण तो सोडून दिला.

त्याची जागा घेतली ती संतापाने. १९९९ च्या जानेवारीत दिल्लीत एका भारी परदेशी मोटारीखाली सहा माणसे मेली, त्यांत तीन पोलीस होते. २००६ च्या नोव्हेंबरात वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेले सात मजूर चिरडले गेले. २०२४ च्या १९ मे रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात एका अल्पवयीन मुलाच्या हातातील पोर्शे मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा प्राण घेतला. प्रत्येक वेळी देश खवळला, आणि प्रत्येक वेळी मागणी एकच झाली: शिक्षा वाढवा. कार्टर रोडच्या प्रकरणात सत्र न्यायालयाने दिलेली सहा महिन्यांची शिक्षा मुंबई उच्च न्यायालयाने तीन वर्षांवर नेली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली तेव्हा २०१२ साल उजाडले होते. पुण्याच्या प्रकरणात बाल न्याय मंडळाने जामिनाच्या अटींत अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची एक अट घातली, आणि त्या निबंधाची जी रेवडी उडाली ती अद्याप थांबलेली नाही.

परंतु निबंधावर हसताना लोकांच्या नजरेतून निसटली ती घड्याळाची गोष्ट. अपघात मध्यरात्रीनंतर झाला आणि रक्ताचा नमुना घेतला गेला तो कित्येक तासांनी. पुढे तर तो नमुनाच बदलण्यात आला असा आरोप होऊन शासकीय रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. तो आरोप न्यायालयात सिद्ध व्हावयाचा तेव्हा होईल. पण नमुना कोणी बदलला नाही असे घटकाभर धरून चालले, तरी केवळ विलंबाने किती पुरावा वाहून जातो याचा हिशेब कोणीही करू शकतो. मद्यार्काचा हा जमाखर्च स्वीडनच्या एरिक विडमार्क या शास्त्रज्ञाने १९३२ च्या सुमारास सूत्रबद्ध करून ठेवला आहे. शरीर मद्यार्काचा निचरा आपल्या गतीने करते. ती गती शंभर मिलिलिटर रक्तामागे तासाला सुमारे १५ मिलिग्रॅम एवढी असते, आणि काळी कॉफी, लिंबू, थंड पाण्याचे हबके किंवा वाटेवर केलेली वांती यांपैकी कशानेही ती वाढत नाही. म्हणजे आठ तास गेले की १२० मिलिग्रॅम गेले. ज्याच्या रक्तात मर्यादेच्या चौपट मद्यार्क होता तो सकाळी दहा वाजता कागदोपत्री निर्व्यसनी ठरतो. अशा गुन्ह्यासाठी फाशी जरी सांगितली, तरी ती सांगावयाची कोणास?

हेच गणित उलट बाजूने मांडले की आणखी एक अप्रिय गोष्ट हाती लागते. आपल्याकडे सर्रास विकली जाणारी १८० मिलिलिटरची क्वार्टर आणि तिच्यावर छापलेले ४२.८ टक्क्यांचे प्रमाण घेतले, तर तिच्यात साठ ग्रॅमच्या आसपास शुद्ध मद्यार्क असतो. तो साधारण पासष्ट किलो वजनाच्या पुरुषाच्या पोटात गेला की रक्तातील प्रमाण सव्वाशेच्या पुढे जाते, आणि तेथून तीसच्या खाली उतरावयास सहा-सात तास लागतात. मध्यरात्री क्वार्टर संपवून झोपलेला आणि सकाळी सहाला कामाची पाळी गाठण्यासाठी, किंवा शाळेच्या बसच्या चाकामागे बसण्यासाठी, घराबाहेर पडणारा मनुष्य कायद्याच्या दृष्टीने अद्याप प्यालेलाच असतो, आणि ही गोष्ट त्यास स्वतःसही ठाऊक नसते. आपल्या नाकेबंद्या मात्र शनिवारी रात्री आणि एकतीस डिसेंबरला असतात. सोमवारच्या सकाळी त्या कोणी पाहिल्या आहेत?

पोर्शेच्या प्रकाशझोतामुळे दुसरेही एक सत्य अंधारात राहते. रस्त्यावर मरणाऱ्यांत दुचाकीस्वारांचा वाटा जवळजवळ निम्मा आहे. मद्यपान करून वाहन चालविणारा प्रातिनिधिक भारतीय म्हणून धनिकाच्या उनाड पोराचे चित्र वर्तमानपत्रांनी आपल्या डोळ्यांपुढे उभे केले असले, तरी तो खरोखर तालुक्याच्या गावचा असतो. दिवसभर गवंडीकाम, फवारणी किंवा ऊसतोडणी करून संध्याकाळी परमिट रूममध्ये किंवा देशी दारूच्या दुकानात तासभर बसतो, आणि मग हेल्मेटवाचून, कधी मागे एका सोबत्यास घेऊन, दिवे नसलेल्या राज्यमार्गाने पाच-सात मैलांवरील आपल्या वाडीकडे निघतो. समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीस मागे लाल दिवा नसतो. या मनुष्याच्या मृत्यूची बातमी जिल्हा पत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत येते, तीत मद्याचा उल्लेख नसतो, मृताविषयी वाईट बोलू नये या आपल्या सभ्यतेस तो मानवतही नाही. आणि दहा हजारांच्या दंडाची त्याला भीती वाटावी म्हटले तर त्या मार्गावर कोणी त्यास थांबवून फुंकर मारावयास सांगेल ही शक्यताच त्याच्या आयुष्यात कधी उद्भवलेली नसते. त्याच्यासाठी १८५ वे कलम काय आणि मनुस्मृती काय, दोन्ही सारखीच दूर.

शिक्षेच्या कठोरपणापेक्षा तिची निश्चिती अधिक परिणामकारक असते, हा सिद्धांत इटलीच्या बेक्कारियाने १७६४ साली मांडला आणि तेव्हापासून सर्वांनी मान्य केला. फरक एवढाच की काही राष्ट्रांनी तो रस्त्यावर उतरवून पाहिला. या प्रयोगांत ब्रिटनचा इतिहास विशेष उद्बोधक आहे. बार्बरा कासल या परिवहनमंत्री असताना, आणि त्यांना स्वतःला मोटार चालविता येत नसताना, तेथे १९६७ चा रस्ता सुरक्षा कायदा झाला व त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून श्वासाची तपासणी सुरू झाली. पानगृहांच्या मालकांनी आकांत केला, बाईंना धमकीची पत्रे आली, व्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाने वर्तमानपत्रांनी टाहो फोडला. आणि पहिल्या बारा महिन्यांत रस्त्यावरील मृत्यू ११५२ ने घटले. पण कथा येथे संपत नाही. मूळ योजनेत कोणत्याही चालकास थांबवून तपासण्याचा अधिकार पोलिसांना द्यावयाचा होता. विरोधामुळे तो वगळण्यात आला आणि संशयास कारण असल्यासच तपासणी करावी असे ठरले. लोकांची समजूत पहिल्या वर्षी अशी होती की आता पकडले जाणे अटळ आहे. दोन-चार वर्षांत त्यांच्या ध्यानात आले की तसे काही नाही, आणि हळूहळू जुन्या सवयी परतल्या. कायदा तोच, दंड तोच. गेली ती केवळ धास्ती.

ऑस्ट्रेलियाने हा धडा नेमका उचलला. न्यू साउथ वेल्स राज्याने १९८२ च्या १७ डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या तोंडावर, संशयाची अट काढून टाकली. पोलीस कोठेही, कोणत्याही वेळी, समोर येईल त्या प्रत्येक मोटारीस थांबवू लागले. चालक बिशप असो की बेवडा, त्याने यंत्रात फुंकलेच पाहिजे. पहिल्या वर्षात परवानाधारकांच्या सुमारे एक तृतीयांश इतक्या तपासण्या झाल्या, आणि रस्त्यावरील मृत्यू साडेबाराशेंच्या घरातून हजाराच्या आत आले, ते पुन्हा पूर्वीच्या पातळीवर गेले नाहीत. शिक्षा तेथे आपल्याहून फार क्रूर होती असे मुळीच नाही. पण त्या राज्यात मद्यगृहातून उठणाऱ्या प्रत्येकास, मग तो कितीही शुद्धीवर असो, आपण आज अडविले जाण्याचा संभव मनात धरावाच लागे, आणि मित्र आग्रह करू लागले तर 'आज मी गाडी घेऊन आलो आहे' हे उत्तर सन्मानाने देता येऊ लागले. राज्याने नागरिकाच्या हाती एक सबब दिली.

आता आपल्या अधिनियमाचे २०३ वे कलम पाहावे. चालकाने १८५ व्या कलमाखालील अपराध केला असावा असा 'वाजवी संशय' आल्यासच गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने श्वासाचा नमुना मागावा, असे ते सांगते. म्हणजे ब्रिटनची जी चूक सहा दशकांपूर्वी उघडी पडली तीच आपण आपल्या ग्रंथात जतन करून ठेवली आहे. व्यवहारात तिचा अर्थ काय होतो? मोटारीची काच खाली करावयास लावून, दोन प्रश्न विचारून, बोलताना तोंडाचा वास येतो का हे हवालदाराने स्वतःच्या नाकाने ठरवावयाचे, आणि आला तरच ब्रेथ ॲनालायझर पुढे करावयाचा. बडीशेप, गुटखा आणि वातानुकूलित मोटारीतील अत्तर यांच्याशी त्या नाकास झुंजावे लागते. आणि मोटारीच्या किंमतीचाही नाकावर परिणाम होतो, हे या देशात कोणास शपथेवर सांगावयास नको. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी २००७ पासून नेटाने मोहीम चालवून शहरातील पिणाऱ्यांत दहशत निर्माण केली, भाड्याची मोटार करण्याची किंवा चालक बोलावण्याची रीत रूढ केली, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु ते महानगराचे काम, त्या सीमेबाहेर ते पोचलेले नाही.

सर्वांना थांबविण्याचा अधिकार पोलिसांना दिला तर चिरीमिरीस ऊत येईल, असा आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. पण लाच कशाची घेतली जाते, याचा विचार करावा. ती निवडीच्या स्वातंत्र्याची घेतली जाते. कोणास सोडावयाचे आणि कोणास फुंकावयास लावावयाचे हे ज्याच्या मर्जीवर आहे त्याचीच मर्जी विकाऊ असते. जेथे रांगेतील प्रत्येक वाहन तपासले जाते, यंत्र वेळ व स्थळासह प्रत्येक वाचन आपल्या स्मृतीत नोंदवून ठेवते, आणि नोंदलेले वाचन पुसण्याची मुभा नाक्यावरच्या कोणासही नसते, तेथे विकावयास फारसे उरत नाही. संशयाची अट नागरिकाचे रक्षण करते असे वाटते खरे. वस्तुतः ती पोलिसाच्या लहरीचे रक्षण करते. राहता राहिला स्वातंत्र्याचा प्रश्न. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावर होऊ नये, हे घटनेच्या विसाव्या अनुच्छेदाचे अभिवचन बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचे नमुने देण्यास लागू होत नाही, असा निर्णय काथी कालू ओघड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने १९६१ सालीच दिला आहे, आणि तो खटला मुंबई राज्याचाच होता. ज्या तत्त्वाने ठशाला साक्षीतून वगळले, तेच श्वासाला लागू करण्यात घटनेची कोणती अडचण आहे हे दाखविण्याचा भार आक्षेपकांवर आहे. विमानतळावर नखशिखान्त झडती देताना ज्यांचे स्वातंत्र्य शाबूत राहते त्यांचे ते महामार्गावर पाच सेकंद फुंकण्याने लयास जाईल, असे मानणे कठीण आहे.

दरम्यान आपण दुसराच मार्ग चोखाळून पाहिला. चंदीगडच्या एका अपघातग्रस्त नागरिकाच्या याचिकेतूनही पुढे आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या १५ डिसेंबरला आदेश दिला, की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आत मद्यविक्री होऊ नये. हेतू उदात्त होता. पण अंतर मोजावयास लागताच राज्यांच्या बुद्धीस जी पालवी फुटली ती पाहण्यासारखी होती. चंदीगडने आपले महामार्ग रातोरात जिल्हा मार्ग ठरविले, महाराष्ट्रातही शहरांतून जाणाऱ्या मार्गांचा दर्जा बदलण्याच्या हालचाली झाल्या, आणि केरळातील एका मद्यगृहाच्या चालकाने तर दारापर्यंत पोचण्यासाठी वळणावळणाचा चक्रव्यूह बांधून अंतर भरून काढले. पुढील जुलैत न्यायालयानेच नगरपालिका क्षेत्रांना सूट दिली. पिणारा आणि बाटली यांमध्ये अंतर पाडण्याच्या सर्व उपायांतील ही मूळ विसंगती आहे: दुकान जितके दूर, तितका परतीचा रस्ता लांब. एका जिल्ह्यात दारूबंदी आणि शेजारच्यात विक्री, असा जेथे प्रकार आहे तेथे सीमेवरून रात्री परतणाऱ्या मोटारसायकलींचा विचार दारूबंदीच्या पुरस्कर्त्यांनीही करावा. त्यांच्या चळवळीची इतर कारणे कितीही सबळ असोत, रस्त्याचे कारण त्यांच्या बाजूने साक्ष देत नाही.

विक्रेत्याची जबाबदारी हा मात्र वेगळा आणि बराच दुर्लक्षित विषय आहे. कौटिल्याने सुराध्यक्षाचे कर्तव्य सांगताना पानगृहात मत्त होऊन झोपलेल्या गिऱ्हाइकाचे अलंकार, वस्त्रे व द्रव्य यांची काळजी घ्यावयास सांगितले आहे, आणि त्यांपैकी काही गहाळ झाले तर विक्रेत्याने ते भरून द्यावे व तेवढाच दंडही भरावा असा नियम घातला आहे. दोन सहस्र वर्षांपूर्वीचा विक्रेता गिऱ्हाइकाच्या अंगठीला बांधलेला होता. आजचा परमिट रूमचा मालक त्याच्या प्राणास, आणि वाटेत भेटणाऱ्या परक्याच्या प्राणास, बांधलेला नाही. जपानने २००६ सालच्या फुकुओका येथील अपघातात तीन बालके गेल्यानंतर पुढच्याच वर्षी कायदा बदलून, चालकास मद्य देणारा, त्यास वाहन देणारा आणि जाणूनबुजून त्याच्या शेजारी बसून प्रवास करणारा या तिघांनाही शिक्षेस पात्र ठरविले. आपल्याकडे यासाठी नवीन कायद्याचीही गरज नाही. अधिनियमाचे १८८ वे कलम मद्यधुंद वाहनचालनास प्रोत्साहन देणाऱ्यास मूळ अपराध्याइतकीच शिक्षा सांगते. ते वकिलांच्या पुस्तकांत सुखाने निद्रिस्त आहे.

राज्य हे स्वतःच या व्यवहारातील सर्वांत मोठे भागीदार आहे, हे येथे स्पष्ट म्हटले पाहिजे. महाराष्ट्राला उत्पादनशुल्कापासून वर्षाकाठी वीस हजार कोटींहून अधिक महसूल मिळतो. या रकमेचा शतांश जरी तपासणीच्या यंत्रांवर, तालुक्याच्या ठाण्यांना रात्रीची गस्त पुरविण्यावर, अपघातातील प्रत्येक चालकाच्या, मृत असो वा जिवंत, रक्ताची दोन तासांच्या आत तपासणी करणाऱ्या आणि पोलिसांपासून स्वतंत्र असलेल्या व्यवस्थेवर, आणि बाजाराच्या गावाहून रात्री उशिरा सुटणाऱ्या एखाद्या एसटीवर खर्च केला, तरी रस्ता सुरक्षा सप्ताहातील सर्व फलक, प्रभातफेऱ्या आणि शाळकरी मुलांच्या चित्रकला स्पर्धा यांनी आजवर जे साधले नाही ते साधण्याचा संभव आहे. सप्ताह पाळण्याची आपली हौस मोठी; हल्ली त्याचा महिना झाला आहे. २०२० च्या स्टॉकहोम परिषदेनंतर रस्त्यावरील मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट आपणही पत्करले आहे, आणि ते फलकांनी गाठता येणार नाही एवढे समजण्यास तज्ज्ञांच्या समितीची आवश्यकता नाही.

यांतील पुष्कळशा गोष्टींस वेळ आणि पैसा लागेल. एका गोष्टीस दोन्ही लागत नाहीत. २०३ व्या कलमातील संशयाची अट काढून टाकणे आणि तिच्या जागी सरसकट, नोंदलेल्या तपासणीचा अधिकार देणे, हे संसदेच्या एका अधिवेशनातील एका दुपारचे काम आहे. २०१९ च्या दुरुस्तीत दंडाचे आकडे बदलण्यात आले आणि ही अट तशीच ठेवण्यात आली. वाचकांनी आपापल्या लोकसभा सदस्यास पुढील निवडणुकीपूर्वी एवढाच एक प्रश्न विचारावा, आणि उत्तर लेखी मागावे.